बिनतारखेची नोटीस

अक्रा, १४ ऑक्टोबर

चि. लामले हिस दादाचे आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, तरी मक्याच्या केंकीच्या उकडलेल्या गोळ्यांचं पातेलं डोक्यावर घेऊन दारोदार फिरतेच. तू लिस्बनला भिंत रंगवायला निघणार आहेस, हे पेपरात वाचलं. आई तुला अजून ‘भिंती खराब करणारी’ म्हणते आणि कात्रण उशीखाली ठेवते. आईची टपरी पाडल्यापासून चार वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून लिहितोय.

तुझं चित्र मी कामावर जाताना पाहिलं. बर्फाच्या कारखान्याची अख्खी भिंत. टाय लावलेला पुढारी गटारात पाय सोडून बसलाय, हातात केंकी आणि तळलेला मासा. पोटावर आमच्या पालिकेच्या ऑफिसची लाल नोटीस, ‘हटवा. मुदत ७ डिसेंबर.’ मतदानाचा दिवस.

“बघ रे अयीते,” मासेवाली अदेई मावशी हसत म्हणाली, “आपल्या सगळ्यांची न्याहारी गेलीय त्या पोटात.” आम्ही माना वर करून बघतच राहिलो. अकरा वर्षं मी टपऱ्यांवर तेच शब्द रंगवतोय. ते एवढे मोठे असतील, असं कधी वाटलं नव्हतं.

आणि अक्षर माझं होतं. पहिल्या अक्षराचा पाय असा लांब ओढायची खोड माझीच.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कने मलाच पाठवलं. “त्या चित्रावर नोटीस मार. तीन दिवसांची मुदत.” मी शिडी लावली, पुढाऱ्याच्या बुटाखाली ‘हटवा. मुदत’ एवढं लिहिलं आणि ब्रश धुतला. तारीख नसली की नोटीस फुकट, फाइल पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या लक्षात येईतो तुझं चित्र परदेशातल्या पेपरांत पोचलं होतं, मग हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही.

“अकरा वर्षांत कधी तारीख विसरला नाहीस,” हेडक्लार्क म्हणाला, “आताच बरा विसरलास.”

खरंय, कधी विसरलो नाही. ते अक्षर तू आईच्या टपरीच्या फळीवरून उतरवलंस ना? फळी जपून ठेवलीस, म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. मी मात्र तुला सांगितलं की टपरीवर नोटीस लिहिली तेव्हा मी रजेवर होतो. त्या दिवशी आईने मला आधी पाणी दिलं. रंगाचा डबा पाहिला, पीठ मळत राहिली. मी पाणी प्यालो, बाहेर आलो आणि तारीख घातली. ठळक, नीट.

तुला सोडायला विमानतळावर येऊ का, तेवढं कळव.

त्या दिवशी रजेवर नसलेला,
तुझा दादा
अयीते