काकांच्या हातातल्या चिपळ्या

कुंभकोणम्

तीर्थरूप बाबांस, गोदाचा साष्टांग नमस्कार.

काकांना दिसतं, मग दिसलेलं ओळखू का येत नाही? माझ्या बी.ए.ला हे कळेना, म्हणून डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताने असं होतं, बुद्धी शाबूत आहे. जेवण, झोप ठीक. आईचे गुडघे कसे आहेत?

समोरच्या चिपळ्यांना काका ‘काहीतरी लाकडाचं’ म्हणाले. हातात देताच ताल धरला.

तरी भजनातले सेतुराममामा म्हणाले, “वेड्याला पुढे बसवू नका.”

काका हसले. “सेतू, चेहरा नाही कळला, पण हा बेसूर गळा तुझाच!”

काकांना घरीच बसवा, असं तुम्हीही लिहिलंत. काल एकादशीला गोविंदपुरम्च्या विठ्ठलासमोर मी त्यांना त्यांच्याच जागी, सर्वांच्या पुढे बसवलं.

आपली, एरवी आज्ञाधारक,
गोदा