शीट नं. ७ वरचं भोक

सांगली, १२ ऑगस्ट १९७४
इंजिनिअरिंगचा दुसरा आठवडा. वर्गभर पोरं आणि आम्ही दोघीच, मी आणि महाबळेश्वरची शोभा. खोलीही एकच घेतलीय. आज वर्कशॉपमध्ये फाइलिंग. लोखंडाचा चौकोन घासून घासून हाताला फोड. मास्तर म्हणाले, ताई तुम्ही बसा, गडी करेल तुमचं. नाही बसले. त्यांनी काटकोन्या लावून बघितला आणि चौकोन तसाच पास केला. कोरेगावला आबांनी मिलिट्रीतून आल्यावर टाकलेल्या इंजिनदुरुस्तीच्या शेडमध्ये इंजिनं उघडायला मीच असायचे ना हाताखाली, पोळ्या लाटत होते का!

२९ ऑगस्ट
ड्रॉइंगनं जीव खाल्लाय. एका शीटला दोन दोन दिवस. सिनिअर जाधव ज्ञान देऊन गेला: फर्स्ट इयरला डोकं वापरायचं नसतं, काच वापरायची. म्हणजे खिडकीची काच काढायची, दोन स्टुलांवर आडवी ठेवायची, खाली बल्ब, वर मागच्या वर्षीची शीट, तिच्यावर आपला कोरा कागद. गिरवा. सगळा वर्ग हेच करतो. मी नाही करणार. शोभा म्हणते, बघू किती दिवस टिकतेस. बघच.

१३ ऑक्टो., रवि.
शीट ७. बेअरिंग. असली कितीतरी धुतलीत मी रॉकेलमध्ये. वरच्या टोपीला तेलाचं भोक असतं, पुस्तकातल्या चित्रातही आहे. समोरून, बाजूनं, वरून असे तिन्ही व्ह्यू काढले, सहा तास; भोक वरून गोल दिसतं, बाकी दोन्हींत तुटक रेषा. मान मोडली, पण शीट अशी झालीय की...

शोभा जाधवची शीट घेऊन काचेवर बसली आणि दोन तासांत उठली. तिच्या शीटवर भोकच नाही. जाधवच्या नाही. जाधवला ज्यानं दिली त्याच्याही नाही. कुणीतरी एक शहाणा कधीतरी विसरला, तेव्हापासून सगळे विसरतायत. लय हसले.

१६ ऑक्टो.
हसू जिरलं. ड्रॉइंगच्या सरांनी शीट परत केली. कपाटात नमुना शीट आहे त्यांच्या, तिच्याशी ताडून सही करतात. नमुन्यावरही भोक नाही! म्हणजे तीही काचेवरचीच. म्हटलं, सर, पुस्तकात आहे. पुस्तक उघडलंसुद्धा नाही. "नमुन्याप्रमाणे आणा." माझ्या मागच्या सगळ्यांना सही.

८ नोव्हें.ला टर्म संपते. एक शीट जरी बिनसहीची राहिली तरी टर्म मिळत नाही. टर्म नाही म्हणजे वर्ष गेलं.

२६ ऑक्टो., कोरेगाव
दसऱ्याला आलेय. शेडमध्ये पान्यांना, इंजिनांना हळदकुंकू लावलेलं. काका आलेले, समजूतदार हसत. मलकापूरचं स्थळ तयार आहे म्हणे, एक वर्ष वाया गेलं की पोरीनं घरी यायचं, असं त्यांनी आबांकडून कबूल करून घेतलंय. हे मला आज कळतंय! संताप झाला नुसता. आबांना शीटचं सांगितलं. त्यांनी विचारलं, कंचं बेअरिंग?

सांगली, २८ ऑक्टो.
जो तो येऊन सांगतो, अगं, एक गोल आणि चार तुटक रेषा, रबर फिरव की. शोभा पण. तिच्याशी बोलत नाही. सरांचा एवढा राग येत नाही. सगळ्यांना दिसतंय आणि कुणाला काही वाटत नाही, त्याचा येतो.

२ नोव्हें., शनि.
आबा आले. सकाळच्या गाडीनं, न कळवता. पिशवीत खरं बेअरिंग, टोपीवर दसऱ्याचं कुंकू तसंच. सरांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवलं. भोकावर बोट ठेवून म्हणाले, "सायेब, हितनं तेल गेलं न्हाई तर शाफ्ट जळतोय." सरांनी बघितलं. भोकात पेन्सिलीचं टोक घालून बघितलं. त्यांना कळलंय, शपथेवर सांगते. मग म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा.

बाहेर सायकल स्टँडपाशी आबा थांबले. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. तर म्हणाले, "खोड आता. मिलिट्रीत लय बघितलं म्या. वरच्याशी भांडून कुणाचं भलं झालं न्हाई. वरीस घालवू नगंस."
ज्यांनी मला भोक दाखवलं तेच! रस्त्यातच रडले. म्हटलं, "आबा, बिनभोकाचं बेअरिंग तुम्ही बसवाल का कुणाच्या इंजिनाला?"
स्टेशनवर गाडीत चढले, बेअरिंगची पिशवी माझ्याच हातात ठेवली. "ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ," एवढंच.

७ नोव्हें.
उद्या शेवटचा दिवस. शीट पसरलीय, कोपऱ्यावर बेअरिंग ठेवलंय. दुपारी रबर घेऊन बसले, खोटं कशाला बोलू. दोनदा हात गेला. काकांचं ते समजूतदार हसणं डोळ्यासमोर आलं. भीती वाटली, खूप.

मग शोभाशी बोलले, दहा दिवसांनी. शाईचं पेन मागितलं. तिनं दिलं आणि बघत उभी राहिली. वरून दिसणाऱ्या व्ह्यूमधला गोल शाईनं गिरवला. मग बाकीच्या दोन व्ह्यूमधल्या तुटक रेषा. ती म्हणाली, अगं, आता खोडता यायचं नाही.
म्हटलं, म्हणून तर.

सकाळी अकराला सरांकडे नेते. बेअरिंग पण.