दादाचे सात आकडे

सिंदी (रेल्वे),
६ जानेवारी २०२५

चि. सौ. वच्छला हीस चंद्रभानचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मी भरभर बोलतो म्हणते ना, म्हणून हे पत्र. वाच आता निवांत.

हरिदासदादाच्या नागपूरच्या पेटीत त्याचा तो टीव्हीले जोडायचा जुना कॉम्प्युटर निघाला, सत्त्याऐंशी सालचा. सोबत त्यात लावून टीव्हीवर वाचायची एक कॅसेट, वर दादाच्या हातचं 'वच्छीसाठी'. २ फेब्रुवारीले दादाचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी ती सगळ्यांसमोर लावायची असं मी ठरवलं. जन्मभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, हे काय मोठं!

पण मशीनले एक खोड होती. पाच ओळी दाखवल्या की अडायची, कळ दाबली की सरकायची, पुन्हा अडायची. मशीन ज्याच्यावर चालते तो मूळ प्रोग्राम नेटवर एका शौकिनाजवळ सापडला. ताडून पाह्यलं तर आपल्या चिपमध्ये सात आकडे जास्तीचे: २०५, ४३, २, १८३, ४०, २५०, २०१. कोण्या उपटसुंभानं घातले देव जाणे. काढून टाकले.

आता मशीन अडत नाई. पण तुझी कॅसेट लावली तर ओळी अशा पळाल्या की एकही हाती लागली नाई. शेवटची तेवढी उरली: झालं वच्छे, आता चहा मांड. आतून उघडून वाचता येईल, पण तुझ्या नावाचं आहे, मन होत नाई. कोणालेच वाचता येत नाई असं दादानं लिहिलं काऊन? डोकं चालून नाई राह्यलं. तुले काही ठाऊक असंल तर कळवजो.

लहानूरावांले नमस्कार. लोभ आहे तो आटू देऊ नको.

तुझा,
चंद्रभानभाऊ

वडनेर,
११ जानेवारी २०२५

ती. चंद्रभानभाऊस वच्छलाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. चिप काय, तिच्यात आकडे कसे राहतात, काई समजलं नाई. ह्यांले विचारलं तर हे म्हणतात, मले मोटारपंपाचं विचार. पण मशीन अडायची हे वाचलं अन् लगेच लिहायले बसली.

भाऊ, ती खोड नव्हती. माझी शाळा चौथीतच सुटली. मशीनले मराठी अक्षरं येत नव्हती म्हणून दादा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा, अन् मले ती शिकवायचा. मी एकेक अक्षर बोटानं धरून वाचायची, तोवर ओळ वर निघून जायची. तू वच्छीची पॅसेंजर गाडी म्हणून हसायचा, आठवते का? एकदा मी रडत उठली. दोन दिवसांनी दादानं मले पुन्हा बसवलं. म्हणाला, आता मशीन तुयासाठी थांबते, तू कळ दाबशील तवाच पुढं जाईन. कोणतीही कॅसेट लाव, थांबनच.

तुझा तो उपटसुंभ आपला दादाच होय. जसं होतं तसं करून दे बाप्पा.

मेथी-कोथिंबिरीची तोडणी चालू आहे. वहिनीले नमस्कार. माया असू दे.

तुझी,
वच्छला

सिंदी (रेल्वे),
१६ जानेवारी २०२५

चि. सौ. वच्छला हीस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मान खाली गेली. मी हसायचो, हे खरं आहे.

अन् त्याहून वाईट ऐक. नवी चिप मिळत नाई म्हणून दादाचीच चिप जांभळ्या दिव्याखाली धरून कोरी केली अन् तिच्यात मूळ प्रोग्राम भरला. नक्कल ठेवली नाई. आकड्यांचा कागद तुझ्या वहिनीनं, उज्वलानं, रद्दीत दिला, तिचा काई दोष नाई. थांबायचं काम मी नव्यानं लिहीन, पण ते माझं होईल, दादाचं नाई. मले दादाचंच पाह्यजे.

माझं ६ तारखेचं पत्र आहे का? की चुलीत घातलं? रागावली असशील तरी उत्तर पाठवजो.

चंद्रभानभाऊ

वडनेर,
२१ जानेवारी २०२५

ती. चंद्रभानभाऊस नमस्कार. वि. वि.

तुझी पत्रं मी चुलीत घालीन काय? बिस्किटाच्या डब्यात आहेत सगळी, माझ्या लग्नापासूनची. आकडे उतरवून देते, बोटानं धरून चारदा तपासले: २०५, ४३, २, १८३, ४०, २५०, २०१. चौथा १८३ की ९८३ अन् शेवटचा २०१ की २०९, ते समजून नाई राह्यलं. तुझा एक अन् नऊ शाळेपासून सारखाच.

राग आलता. गेला. दोघंही १ तारखेले येतो.

तुझी,
वच्छला

सिंदी (रेल्वे),
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. वच्छला हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

चिपच्या एका खणात २५५ च्या वरचा आकडा मावतच नाई, म्हणून १८३ च; अन् शेवटचा २०१, म्हणजे मशीनले 'काम झालं, परत जा', तो मले ठाऊक आहे. चिप पुन्हा भरली, सातही आकडे होते त्या जागी बसवले, जागा तेवढी ध्यानात होती.

मग तुझी कॅसेट लावली. पाच ओळी आल्या अन् मशीन थांबली. पहिली वाचली: वच्छे, घाई करू नको. त्यापुढं मी नजर काढून घेतली. कळ दाबली नाई, ती तू येऊन दाबजो. मी हसणार नाई.

अर्धा तास झाला, टीव्ही तसाच आहे. उज्वला आतून विचारून राह्यली, पुन्हा अडली काय. मी म्हटलं, नाई, वाट पाहून राह्यली.

तुझा,
चंद्रभानभाऊ