तक्रारदाराचे नाव उघड करणेबाबत

प्रति,
मा. परवाना व अतिक्रमण अधिकारी,
हिंदमाता विभाग कार्यालय,
दादर (पूर्व), मुंबई.

विषय : जप्त केलेले तांब्याचे पातेले परत देणे व तक्रारदाराचे नाव सरदार निरंजन सिंग यांना कळविणेबाबत.
संदर्भ : 'एका जागरूक नागरिकाची' गेल्या महिन्यातील तक्रार.

महोदय,

१. अर्जदार अच्युत तळपदे आपल्या कार्यालयास अपरिचित नाही. गिरगावातील एका सॉलिसिटरकडे जन्मभर कारकुनी केल्याने त्याचा हात अर्जावर चांगला बसला आहे. कबुतरे, भोंगे, फुटपाथवर टांगलेल्या साड्या, त्याने कशाचीही गय केलेली नाही. आपल्याकडील शिपाई एकदा "आले अर्जवाले काका" असे पुटपुटला, तेव्हा अर्जदार मनातून खूष झाला होता.

२. अर्जदाराच्या इमारतीखाली सरदार निरंजन सिंग यांचे पडद्याच्या कापडाचे दुकान आहे. शिखांचे पाचवे गुरू अर्जन देव यांच्या हौतात्म्याच्या दिवशी ते दरवर्षी दुकानापुढे छबील लावतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दूध-गुलाबाचे थंड सरबत फुकट पाजतात. यंदा त्या गर्दीमुळे अर्जदाराला स्वतःच्याच दारात ताटकळावे लागले. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. वर जाऊन त्याने 'उघड्यावर विनापरवाना पेयविक्री' अशी तक्रार ठोकली आणि नाव गुप्त ठेवावे असे खाली लिहिले. विक्री हा शब्द खोटा होता. लिहितानाच ते त्याला ठाऊक होते. पण नुसत्या वाटपावर आपली गाडी लगेच येत नाही, हेही ठाऊक होते. गाडी आली, सरबत गटारात गेले, पातेले गाडीत गेले. अर्जदाराने खिडकीतून ते पाहिले आणि चहा मागितला.

३. दोन दिवसांनी सरदारजी वर आले. पातेले त्यांच्या आईचे, ती माउली आता नाही. ते सोडवण्यासाठी त्यांना मराठीत अर्ज हवा होता. "तळपदेसाब, तुमच्यासारखं लिहिणारा इथे दुसरा कोण आहे?" असे म्हणून ते समोर बसले. अर्जदाराने तोंड जमेल तितके कोरे ठेवून कागद ओढला आणि दुःखाच्या दिवशी गोड सरबत कशापायी, असे कलम भरण्यापुरते विचारले.

सरदारजी म्हणाले, "गुरूंना तापलेल्या तव्यावर बसवलं. डोक्यावर तापलेली वाळू ओतली. त्यांनी कोणाला शाप नाही दिला. रब की मर्जी म्हणून गोड मानून घेतलं. मग आपण त्या दिवशी रडत कसं बसायचं? उन्हातनं जो येईल त्याला थंड पाजायचं. आपला की परका, ते नाही बघायचं."

४. यानंतर त्यांनी शेवटचा परिच्छेद सांगितला. "आता लिहा, ज्याने कम्प्लेंट केली त्याला आमच्यामुळे त्रास झाला असणार. आम्ही हात जोडून त्याची माफी मागतो. पहिला ग्लास त्यालाच द्यायला पाहिजे होता, ते आमच्याकडून राहून गेलं."

महोदय, स्वतःच्या नावे आलेला माफीनामा स्वतःच्याच अक्षरात लिहिण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. अर्जदाराने तो लिहिला. एक काना-मात्रा चुकली नाही, याची आता त्याला लाज वाटते. सरदारजींनी खाली सही केली, अर्ज आपल्याकडे पोचवण्यासाठी अर्जदाराजवळच दिला आणि दोन्ही हातांत अर्जदाराचा हात धरून आभार मानले.

५. अर्जदाराने हे पत्नी नलू हिला सांगितले, तर ती म्हणाली, "मला काय सांगताय? खाली जाऊन त्यांना सांगा." अर्जदार रोज खाली जातो. सरदारजी स्टूल पुढे करतात, पातेल्याचे काही कळले का विचारतात, आणि अर्जदार कापडाचा भाव विचारून मोकळा होतो. भाव विचारल्यावर काहीतरी घ्यावे लागते. घरात आता खिडक्यांपेक्षा पडदे जास्त झाले आहेत आणि नलूने बोलणे टाकले आहे.

६. सबब विनंती की,

(अ) सदर तक्रार खोटी धरून पातेले विनाविलंब परत द्यावे. शिक्षा करावयाची झाल्यास ती अर्जदारास करावी.

(आ) पुढील वर्षी छबिलीस परवानगी द्यावी. अर्जदार सरबत ढवळण्यास, ग्लास विसळण्यास किंवा सांगतील तिथे उन्हात उभे राहण्यास तयार आहे.

(इ) सोबतच्या अर्जातील माफीचा परिच्छेद कार्यालयाने दाखल करून घेऊ नये. ज्याची माफी मागितली आहे, त्याला ती पेलवत नाही.

(ई) नाव गुप्त ठेवण्याची विनंती रद्द समजून, तक्रारदार कोण हे आपल्या सही-शिक्क्याने सरदारजींना कळवावे. तव्यावर बसूनही ज्यांनी कोणाला दोष दिला नाही, त्यांचे स्मरण करणाऱ्या माणसासमोर अर्जदाराला पंख्याखाली बसून एक वाक्य बोलवत नाही.

कलम (ई) खोडले आहे. तेही पुन्हा खिडकीआडूनच केलेले काम झाले असते. खाडाखोड मान्य. — अ. त.

आपला, उशिराने का होईना, नम्र,

अच्युत तळपदे
दिनांक : २ जून २०२३

सोबत : सरदार निरंजन सिंग यांचा अर्ज (अर्जदाराच्या हस्ताक्षरात).

प्रत : सरदार निरंजन सिंग. त्यांना फक्त गुरुमुखी वाचता येते. सबब अर्जदार प्रत घेऊन खाली जात आहे आणि ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवील.