लिंबावरचा पोपट

नगर, ता. ५ ऑगस्ट १९४४

ति. आक्कास, पुष्पाचा कृ. सा. न. वि. वि.

बोर्डिंगात बरी आहे. मास्तरीण होण्याआधी आम्हाला इथं बालमानसशास्त्र शिकवतात. बाई म्हणतात, पहिल्या पाच वर्षांत मुलाच्या मनावर जे उमटतं ते जन्मभर राहतं. बागुलबुवाची भीती घालू नये, जेवणाची बळजबरी करू नये. आक्का, साळूला भीती घालत नाहीस ना गं?

तीन वर्षांचं माझं लेकरू तुझ्या पदरात टाकून मी दुसऱ्यांची मुलं कशी वाढवावीत ते वहीत उतरवते आहे! पण हे गेल्यावर दिरांच्या दारात तुकडे मोडण्यापेक्षा शाळेची नोकरी बरी, हे तुझंच म्हणणं. साळू रडते का? खरं कळव.

दाजींना नमस्कार. माझ्या वाट्याचा लोभही साळूलाच दे.

तुझी पुष्पा

सुपा, ता. १७ ऑगस्ट

चि. पुष्पास छबूचे अ. उ. आ.

दोन महिन्यांत लईच शहाणी झालीस की! मी चार लेकरं वाढवली ती कुठलं पुस्तक वाचून गं?

साळू रडत न्हाई. तुझं नावसुद्धा काढत न्हाई. पोर रुळली म्हणून मी गावभर सांगत सुटले होते.

पण एक गोष्ट मनाला खातीय. तू निघालीस तेव्हा मीच तिला कडेवर घेऊन लिंबावरचा पोपट दाखवला, आणि तू मागच्या मागं मोटरीत बसलीस. सगळेच असं करतात, त्यात काय! पण तेव्हापासून पोरीला काही दाखवायची सोय न्हाई. परवा बांधावर मोर आला. तुझ्या दाजींनी बोट केलं, तर हिनं डोळे गच्च मिटले आणि दोन्ही मुठींत त्यांचं धोतर धरलं.

आणि खेळते काय, ठाऊक आहे? चिंध्यांची बाहुली भिंतीकडं तोंड करून बसवते, पोपट बघ म्हणते आणि पाय न वाजवता निघून जाते. दिवसातून दहा वेळा. पुस्तकात यावर काही असेल तर लवकर लिही. मला भ्या वाटतंय.

तब्येतीला जप, उपाशी राहू नकोस.

छबू

नगर, ता. २४ ऑगस्ट

ति. आक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि सरळ गाशा गुंडाळायला घेतला. बाईंनी अडवलं. म्हणाल्या, कायमची घरी जाऊन बसलीस तरी ती तुझ्यावर पाळत ठेवूनच वाढेल. आधी तोंडावर सांगून निघायला शीक, आणि सांगशील तेव्हा परत ये.

पोपटाचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. तिला नादी लाव असं मीच म्हटलं होतं. तिचं रडणं मला ऐकवलं नसतं, म्हणून मी पळाले. अजूनही छाती होत नाही, आक्का. दिवाळीला येते. निघताना पुन्हा पळू लागले तर माझा हात धर.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

पुष्पा

सुपा, ता. ३० ऑक्टोबर

चि. पुष्पास अ. उ. आ.

तुझा हात धरायची वेळ आली न्हाई, शाबास! साळूला समोर बसवून तू सांगितलंस, की आई शाळेत जाते, ज्वारीचा हुरडा झाला की येते. मोटर वळणाआड जाईपर्यंत पोर गप उभी होती. मग जी आरडायला लागली, ती दिवेलागणीपर्यंत! भाकरी फेकली, मला चावली. हिला काहीतरी दाखव, असं तुझे दाजी म्हणाले. मी म्हटलं, न्हाई, रडू दे. मीही रडले, तुझ्यापासून काय लपवायचं.

तिसऱ्या दिवशी तिनं बाहुली भिंतीकडून वळवली, आपल्यासमोर बसवली आणि तिला सांगितलं, की मी जाते, तू रड, हुरड्याला येते.

आता रोज माझा पदर धरून बांधावर नेते आणि ज्वारीकडं बोट करून विचारते, हुरडा झाला का. ज्वारी अजून गुडघ्याएवढी आहे, तसं खरं सांगते. पण पुष्पे, कणसं भरतील त्या दिवशीही मला तिला खरंच सांगावं लागेल. त्याच्या आत ये.

वाट बघणाऱ्या दोघींचा आशीर्वाद नि नमस्कार.

छबू