पाया निघाला नाही

चाकण

प्रिय बाबांना,
करुणाचा ख्रिस्तात सलाम.

मी बरी आहे. गावी गेल्यापासून तुमच्या गुडघ्यांना आराम पडला का?

आपलं चर्च रस्ता रुंदीकरणात गेलं. भिंती लगेच पडल्या. तुम्ही स्वतःच्या हातांनी भरलेला पाया मात्र मशीनला निघेना, म्हणून त्यावरूनच डांबर ओतलं.

पाळकसाहेब म्हणाले, मंडळीचा पाया ख्रिस्त आहे, दगड नाही. सगळे आमेन म्हणाले. पुढच्या रविवारी शेजारच्या अजिमभाईंनी उपासनेला त्यांचं गॅरेज उघडून दिलं, तर आम्ही तिघंच. बाकीच्यांना ओव्हरटाइम होता म्हणे.

पाळकसाहेबांचं खरंच आहे, बाबा. पण कंपनीची बस रोज त्या जागेवरून जाते, तेव्हा मी पाय उचलून धरते.

प्रार्थनेत आम्हा तिघांना धरा.

तुमची लेक,
करुणा