गोरिलांचा डोंगर आणि माझा खोकला

रवांडा, २ जानेवारी

ति. आईस,
सायलीचा सा. न. वि. वि.

गोरिला बघायचा तुझा परवाना मंजूर झाला! वीस फेब्रुवारीला तू माझ्याबरोबर डोंगर चढणार. आठ-नऊ हजार फुटांवर बांबूचं रान, इगतपुरीला लाजवेल असं धुकं. म्हणून इथल्या गोरिलांचे केस लांब, दाट. कळपाच्या म्होरक्याची पाठ चंदेरी, वजन दीडशे किलोच्या वर, हात पायांपेक्षा लांब. चालतो बोटांची पेरं टेकून. आणि खातो काय, तर पाला! झोंबणाऱ्या पानांच्या कडा आत दुमडून विडा करतो. झोपायला रोज पानांचं नवं अंथरूण.

मात्र खोकला असलेल्याला वर नेत नाहीत. आपली साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतते. तेव्हा आईस्क्रीम बंद!

तब्येत जप, रागावलीस तरी पत्र लिही.
तुझी सायली

नाशिक, ३० जानेवारी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. शाळेत सिस्टर मार्थांनी दाखवलेल्या चित्रातला गोरिला दात विचकत होता. मला तरी तो देखणाच वाटला होता. एवढा बलदंड जीव विडे करून खातो, हे ऐकून बाई गं, जीवच जडला.

पण तुझं पत्र पोचण्याआधीच सटाण्याच्या लग्नात आईस्क्रीम खाऊन बसले होते. दहा दिवस खोकतेय. डॉक्टर म्हणतात, महिना तरी जाईल. शेजारच्या वत्सलाबाईंनी सुचवलं, दाढेत लवंग धरा, तासभर कुणाला कळायचं नाही. खरं सांगते, आरशापुढे करून पाहिलं. प्रार्थनेत खोकला दाबण्यात मी शाळेत पहिली होते. जमलंही.

मग तू पत्रासोबत पाठवलेल्या फोटोतली ती गोरिला-आई दिसली, पिल्लाला छातीशी धरलेली. पंचावन्न वर्षं जिला बघायची आस, तिच्याच घरात दुखणं घेऊन शिरू?

परवाना रद्द कर. तिकीट ठेव, मी येतेच. पायथ्याशी तुझ्या खोलीत बसेन. तू वरून उतरलीस की लगेच अंघोळीला पळू नकोस. घटकाभर दाराशी उभी राहा. त्यांचा वास तुझ्या कपड्यांना लागला असेल, तेवढा तरी घेऊ दे.

माया आहेच, ती अशीच ऊबदार राहू दे.
तुझी आई
प्रतिभा